टिचकीबाईंनी पास केलेले कप

चिनी मातीच्या कपबशांच्या त्या कारखान्यात तिला सगळे टिचकीबाई म्हणत. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप तिच्या टेबलावर येई. डाव्या हाताच्या बोटांवर तो अलगद तोलायचा, उजव्या हाताच्या नखाने काठावर टिचकी मारायची आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर पेटीत. बद्द वाजला तर पायाशी ठेवलेल्या पिंपात, तुकडे व्हायला. डोळ्यांना न दिसणारी केसाएवढी चीरसुद्धा तिला ऐकू येते, असा तिचा लौकिक होता. परक्या घरी पुढे केलेला चहाचा कपही ती आधी वाजवून बघते, असे पॅकिंगवाल्या बायका सांगत. यात तिखटमीठ लावलेले असावे. पण तिने ते कधी नाकारले नाही, हेही खरे.

माणसांच्या बाबतीत मात्र शंकेला जागाच नव्हती. माणसे ती वाजवूनच घेई. प्रार्थनेत कुणी फार भक्तिभावाने डोळे मिटले, की ही आपले उघडून त्याच्याकडे बघणार. या तपासणीतून तिने स्वतःलाही सूट दिली नव्हती. वडिलांच्या माघारी घर तिने ओढले, आईची दुखणी तिने काढली, लग्नाचा विषय निघाला की औषधाची वेळ झाली म्हणून ती उठली. चर्चमधला एकही रविवार तिने चुकवला नाही. आपण खणखणीत वाजतो याबद्दल तिची खात्री होती, आणि देवाचीही असणार, असे ती धरून चालली होती.

बद्द वाजणारे माणूस निघाले ते नेमके तिच्या पाठचे. धाकटा भाऊ याच कारखान्यात भट्टीवर होता. एकदा दारूच्या नशेत त्याने आच इतकी वाढवली, की आतला सगळा माल वितळून एकमेकांना चिकटला. नोकरी गेली, मागोमाग तोही घरातून गेला, आणि जाताना आईच्या बांगड्या घेऊन गेला. पुढे कित्येक वर्षे आई दाराकडे तोंड करूनच जेवायला बसे.

मग एके दिवशी तो परतला. केस पिकलेले, दारू सुटलेली. आईने त्याला काही विचारले नाही. जेवलास का, एवढेच म्हणाली. कारखान्याच्या मॅनेजरांनी त्याला पेट्या वाहण्याच्या कामावर ठेवून घेतले. वर्ष उलटून गेले तरी तो शुद्धीत होता, तेव्हा येत्या रविवारी त्याने पुन्हा प्रभुभोजनाची भाकर घ्यावी, असे चर्चच्या पाळकसाहेबांनी ठरवले. आईने त्यावर आपला हट्ट जोडला: दोघा भावंडांनी शेजारी शेजारी गुडघे टेकायचे, आणि ते तिला याच डोळ्यांनी बघायचे होते.

त्या रविवारी मी चर्चला येणारच नाही, असे टिचकीबाईने सांगून टाकले.

पाळकसाहेब समजूत घालायला घरी आले. कृपा ही मजुरी नव्हे, असे ते म्हणाले. पदरचे पुण्य मोजून देव ती देत नाही, आणि मोजून दिली तर ती कृपा कसली. टिचकीबाईने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"लायकी बघायचीच नसेल, तर मी इतकी वर्षं झिजले ती कशासाठी?"

पाळकसाहेब उठले. जाताना दारात थांबून ते म्हणाले, की याचे उत्तर त्यांनी दिले तर ते तिला पटणार नाही. धाकटा आतल्या खोलीतच होता, पण त्याने एका शब्दानेही विनवणी केली नाही. हेही तिला खटकलेच. विनवणी केली असती तर नाही म्हणता आले असते.

शुक्रवारी भोंगा झाला, माणसे पांगली. टिचकीबाई फाटकापर्यंत गेली आणि चष्मा टेबलावरच राहिला म्हणून मागे फिरली. खिडक्यांतून उतरते ऊन आत येत होते. तिच्या स्टुलावर धाकटा बसला होता. तिने दुपारी पास करून ठेवलेली पेटी त्याच्यापुढे उघडी होती. एकेक कप काढून तो टिचकी मारत होता आणि काही कप बाजूला काढून ठेवत होता.

"माझ्या पेटीला हात लावलास?"

तो दचकून उभा राहिला. "ताई, मला वाटलं तू गेलीस."

"वाटणारच. चोराला आणखी काय वाटणार?"

 त्याने बाजूला काढलेल्यांपैकी एक कप तेवढा तिच्या हाती दिला. तिने टिचकी मारली, कान दिला. "खणखणीत आहे," ती म्हणाली.

त्याने टेबलाजवळच्या किटलीत उरलेला थंड चहा त्या कपात ओतला आणि कप उजेडात धरला. क्षणभराने पांढऱ्याशुभ्र बाहेरच्या अंगावर, काठापासून बुडापर्यंत, तपकिरी रेघ उमटली. तिने दुसरा कप उचलला, पार कानाशी नेऊन वाजवला, मग स्वतःच त्यात चहा ओतला. पुन्हा रेघ. अलीकडे आई हाका मारून थके आणि टिचकीबाई ते सर्दीवर ढकले. सर्दी एवढी लांबत नाही, हे तिलाही ठाऊक होते.

"कधीपासून?"

"गेल्या उन्हाळ्यापासून. मी हाक मारायचो, तू वळायची नाहीस. आधी वाटलं रागावली आहेस. मग कळलं, राग आहेच, पण कानही गेलेत."

"रविवारी मी यावं म्हणून चाललंय हे?"

"उन्हाळ्यात कुठला रविवार ठरला होता?"

तिने हे सगळ्या बाजूंनी तपासून पाहिले. कुठे डाव सापडेना. त्याने तोंड उघडले असते तर तिची नोकरी गेली असती, आणि त्याची पतही वाढली असती. तो गप्प राहून रोज तिच्या पेट्यांतले चिरलेले कप काढत राहिला होता. या दिवाळखोर कानांच्या जोरावर पावसाळ्यात मॅनेजरांनी सगळ्यांदेखत तिचे कौतुक केले होते, तिचा एकही कप परत आला नाही म्हणून. त्या संध्याकाळी धाकटा ऐकेल अशा बेताने ती आईला म्हणाली होती, की काही माणसांचं काम बोलतं आणि काहींची दारू. ते ऐकून दुसऱ्या दिवशी तो पुन्हा याच स्टुलावर येऊन बसला असणार.

"आणि पिंपात? चांगले कप किती फोडले मी?"

धाकट्याने पिंपाकडे पाहिले नाही. "फुटले ते फुटले, ताई. माझी तर आख्खी भट्टी गेली होती."

तिला आधी हसू आले, आणि मग त्या हसण्याचे रडणे कधी झाले ते कळले नाही. आयुष्यभर आपण कुणाचे काही घेतले नाही, या एका वाक्यावर ती उभी होती; आणि ज्याला ती बद्द म्हणत आली, त्याच्याच हातांनी कितीतरी महिने ते वाक्य सावरून धरले होते. झिजण्याचे मोल कमी झाले होते, असे नव्हे. पण ती उभी होती ती झिजल्यामुळे नव्हे. हे कळल्यावर लाज वाटायला हवी होती. वाटला तो सुटकेचा आनंद, आणि त्याचे तिला स्वतःलाच नवल वाटले.

शनिवारी सकाळी ती आपणहून मॅनेजरांकडे गेली. आपले कान गेले आहेत, इतके दिवस माल धाकट्याने राखला आणि आता तपासणीच्या टेबलावर त्यालाच बसवा, असे तिने सांगितले. मॅनेजर आधी तयार होईनात. पण भट्टी जाळणाऱ्या माणसाची शिफारस खुद्द टिचकीबाई करते आहे म्हटल्यावर त्यांना वाद घालायला जागा उरली नाही. तिने स्वतःसाठी पॅकिंगचे काम मागून घेतले. तिथल्या बायकांनी तिला गराडा घालून विचारले, की आता तरी बाई आमच्याकडचा चहा कप न वाजवता पिणार का.

रविवारी आईचा एक हात तिच्या आणि दुसरा धाकट्याच्या खांद्यावर होता. आईला पहिल्या बाकावर बसवून दोघे पुढे गेले आणि कठड्यापाशी शेजारी शेजारी गुडघे टेकले. पाळकसाहेब भाकरीचा तुकडा घेऊन आले. इतकी वर्षे तिने हात पुढे केला होता तो केलेल्या कामाची मजुरी घ्यायला करावा तसा. आज तिने दोन्ही हातांची ओंजळ केली.

मग गीत सुरू झाले. बाजाच्या पेटीचे सूर तिच्यापर्यंत नीट पोचले नाहीत. ती अर्धी ओळ आधीच निघाली, आणि निघाली ती आढ्याला भिडेल अशा आवाजात. पेटीवाल्याने तिला सुरात आणायचा प्रयत्न केला. गायकमंडळींनी दोन ओळी झुंज दिली. धाकट्याने मात्र बहिणीचीच पट्टी धरली आणि छाती फुगवून तिच्या जोडीने गाऊ लागला. आईने बाकावरून टाळ्यांनी ताल धरला. तिसऱ्या कडव्याला पेटीवाला हसून शरण आला, आणि सगळे चर्च टिचकीबाईच्या मागोमाग, तिच्याच पट्टीत, तिच्याच लयीत गाऊ लागले.