बर्फाच्या लादीवर ओलेटा

उकाडा ओलेटा प्रूइटच्या ओळखीचाच होता. अमेरिकेतल्या आर्कान्साच्या सपाट कापूसपट्ट्यात तिचा जन्म झाला, तोही ऐन ऑगस्टात, तोही पत्र्याच्या छपराखाली. आठ भावंडांतली ती सहावी. चार वर्षांची होते न होते तोच बापाने हातात खुरपं दिलं आणि कापसाच्या ओळीत उभं केलं. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, आणि ओलेटा गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. तिथे वाफाळत्या पातेल्यांपुढे उभं राहून गावातल्या दोन पिढ्यांना तिने जेवू घातलं. "उकाडा मला घाबरतो," असं ती म्हणायची, आणि तिच्याकडे बघून ते पटायचंही. ती उंच होती, रुंद होती, तोंडाने लालबुंद होती, आणि हसायला लागली की खांद्यापासून पोटापर्यंत सगळी हसायची.

नवरा होइट गेल्यापासून ती एकटीच राहायची, पण शाळा सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात मुलगी जनेल तिला न चुकता घेऊन जायची. जनेल, तिचा नवरा क्लिंट, बारा वर्षांची मेसी आणि सहा वर्षांची जोजो. सगळे मिळून डोंगरातल्या कॉपरहेड कॅनियन पार्कला जायचे. तिथे उंचच उंच झोके, पाण्याच्या घसरगुंड्या आणि पोटातलं तोंडात आणणारे रोलर कोस्टर. शेजारीच ओकच्या झाडांखाली तंबू ठोकायची जागा. चार दिवस तिथेच मुक्काम.

यंदा गाडीतून उतरल्या उतरल्या क्लिंटने तंबूंच्या जागेवरच्या दुकानाच्या भिंतीवर फॅरनहाइटमधलं तापमान वाचलं आणि तो जागच्या जागी बसला.

"एकशेपाच!" तो ओरडला. "मिस ओलेटा, मला एवढा ताप आला असता ना, तर तुम्ही मला दवाखान्यात नेलं असतं!"

"तुला एवढा ताप आला असता तर मी तुला पायपाने धुतलं असतं," ओलेटा म्हणाली. "ऊठ. तंबू सावलीत लाव. तोंड पश्चिमेकडे नको, दुपारी आत भाजून निघशील."

क्लिंट टायरच्या दुकानात कामाला होता. माणूस भला, अंगाने दणकट, पण उन्हात लोण्यासारखा वितळायचा. तो तंबूचे खुंटे ठोकत असताना ओलेटाने आपली बर्फपेटी उघडली. घरून निघताना तिने पंचे ओले करून, गुंडाळ्या करून गोठवून आणले होते. द्राक्षं गोठवली होती. काकडीच्या लोणच्याचं पाणी साच्यात ओतून त्याच्या कांड्या केल्या होत्या. एक पंचा तिने क्लिंटच्या मानेवर ठेवला. त्याच्या तोंडून असा काही आवाज निघाला की शेजारच्या तंबूतली माणसं बाहेर येऊन बघायला लागली.

"डॅडी मेला का?" जोजोने विचारलं.

"नाही गं," ओलेटा म्हणाली. "आत्ता कुठे जिवंत झालाय."

संध्याकाळपर्यंत तंबूपुढे फुगवायचा छोटा हौद मांडला गेला. त्यात पाय सोडून पाचही जण लोणच्याच्या कांड्या चोखत बसले. मेसीने पहिल्यांदा नाक मुरडलं, मग एक खाल्ली, मग तीन खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते पार्कात शिरले. ओलेटाची तिथली जागा ठरलेली होती, कोस्टरच्या बाहेरचा बाक. जनेलच्या वेळी पोटुशी असताना ती पहिल्यांदा त्या बाकावर बसली. पुढच्या वर्षी मांडीवर तान्ही जनेल होती. त्याच्या पुढच्या वर्षी जनेल चालायला लागली होती, पण होइटची टोपी, चष्मा आणि खिशातली किल्ली कुणी तरी सांभाळायला हवीच होती. मग ती सवयच झाली. वर्षामागून वर्षं सगळे किंचाळत वर जायचे, केस विस्कटून खाली यायचे, आणि ओलेटा बाकावर पिशव्यांच्या ढिगात बसून त्यांची वाट बघायची. तुला जायचंय का, असं तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनेही कधी सांगितलं नाही.

"मीमॉ, हे धर," म्हणत मेसीने टोपी, बाटली आणि चपला आजीच्या मांडीवर टाकल्या. क्लिंटने आपली टोपी आणि पाकीट दिलं. बापलेक रांगेत गेले. जनेल जोजोला घेऊन लिंबाचा बर्फगोळा आणायला गेली.

ओलेटाने ओला रुमाल डोक्यावर टाकला आणि मान वर करून बघत बसली. कोस्टरचा डबा कडकड करत चढणीवर निघाला. पुढच्याच ओळीत क्लिंट होता, दोन्ही हात वर करून. डबा अगदी टोकाला पोचतोय तोच कडकड थांबली.

नुसती कोस्टरची नाही. गाणी थांबली, पंखे थांबले, लिंबाच्या बर्फाचं यंत्र घरघरून गप्प झालं. उन्हाने सगळ्या डोंगराळ भागाची वीज नेली होती. क्षणभर एवढी शांतता पसरली की झाडांवरच्या किड्यांची किरकिर ऐकू आली. आणि त्या शांततेत आभाळातून क्लिंटचा आवाज आला, "मिस ओलेटा! माझी टोपी पाठवा!"

खालचे सगळे हसायला लागले. ओलेटा बाकावरून उठून उभी राहिली.

"हात खाली घे आधी!" ती ओरडली. "उगाच आणखी वर जाशील!"

"मी इथे शिजतोय!"

"वीस मिनिटांनी उलट! दोन्ही बाजूंनी नीट होशील!"

वरच्या डब्यात मेसी हसून हसून दांड्यावर डोकं आपटत होती. थोड्या वेळाने पार्कची माणसं पायऱ्यांवरून वर गेली आणि एकेकाला हाताला धरून खाली घेऊन आली. क्लिंटच्या नाकाची साल निघायच्या बेतात होती. ओलेटाने त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि वर पिशवीतला गारढोण पंचा ठेवला.

वीज संध्याकाळपर्यंत येणार नाही, असं भोंग्यातून सांगण्यात आलं. लोक निमूट आपापल्या तंबूंकडे परतले. तिथे तर आणखीच मजा होती. मोठमोठ्या राहायच्या गाड्यांत तिथल्या विजेवर थंड हवा लावून बसणारी मंडळी आता घामाघूम होऊन बाहेर येत होती. बायका पुठ्ठ्यांनी वारा घेत होत्या, पोरं किरकिरत होती, कुत्री गाड्यांखाली जिभा काढून पडली होती. आपल्या हौदातल्या पाण्याचं सूप झालंय, असं जोजो म्हणाली.

आणि मग दुकानातली डेल्फा बाहेर आली. डेल्फा क्राऊच त्या जागेची व्यवस्था बघायची. काटकुळी बाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि तिच्या दुकानाच्या दारावर नुसत्या मनाईच्या पाट्या. पण त्या दिवशी तिचाही नाइलाज होता.

"बर्फ वितळतोय," तिने जाहीर केलं. "शीतपेटी बंद पडली. न्या. फुकट न्या. पण रांगेत!"

झुंबड उडाली. पिशव्यांतला फोडलेला बर्फ बघता बघता संपला. उरल्या त्या लाद्या, चौकोनी, जाड, दोन्ही हातांनी उचलाव्या लागतील एवढ्या. त्यांचं काय करायचं हे कुणाला सुचेना, कारण त्या कुणाच्या पेटीत बसत नव्हत्या. उन्हात त्यांच्यावरून पाणी ओघळत होतं.

ओलेटा त्या लाद्यांकडे टक लावून बघत उभी राहिली. मग तिने मान वळवली. न्हाणीघरांच्या मागे एक उतार होता, गवताचा, पार्कवाल्यांनी पाणी मारमारून हिरवागार ठेवलेला. वरून खालपर्यंत एकही दगड नाही. तळाशी सपाट माळ.

"जनेल," ती म्हणाली, "एक टॉवेल आण."

"कशाला?"

"आण गं."

टॉवेल आला. ओलेटाने लादी कडेवर घेतली आणि उतार चढायला लागली. मागून मेसी, तिच्या मागून जोजो, त्यांच्या मागून क्लिंट आणि जनेल, आणि हा काय प्रकार म्हणून आणखी पाच-सहा पोरं. वर पोचल्यावर ओलेटाने लादी गवतावर ठेवली, तिच्यावर टॉवेलची घडी घातली, आणि झगा गुडघ्यांखाली खोचला.

"मॉम!" जनेलचे डोळे विस्फारले. "तू... मॉम, तुझा दुखरा गुडघा!"

"गुडघा बसलेलाच असणार आहे," ओलेटा म्हणाली. "काम लादीला करायचंय."

किल्ल्या खुळखुळवत डेल्फा धावत आली. "हे चालायचं नाही! हे कुठल्याही नियमात बसत नाही!"

"नियमात बसत नसेल तर लादीवर बसव," ओलेटा म्हणाली आणि तिने पाय उचलले.

आधी काही झालं नाही. मग लादी जराशी सरकली. मग आणखी. आणि मग ओलेटा प्रूइट सुटली. झगा फुग्यासारखा फुगला, डोक्यावरचा रुमाल उडून क्लिंटच्या तोंडावर बसला, आणि सगळ्या ओकच्या बनात घुमेल अशी आरोळी तिच्या तोंडून निघाली. निम्म्या वाटेत तिने डावीकडे अंग झुकवलं, लादी वळली. उजवीकडे झुकवलं, परत वळली. खाली माळावर ती सरळ न थांबता गोल फिरली, एकदा, दोनदा, आणि आडवी झाली.

जनेल किंचाळत खाली धावली. येऊन बघते तो ओलेटा गवतावर उताणी पडून पोट धरून हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि शब्द फुटत नव्हता.

"मॉम! लागलं का?"

"गार!" ओलेटा कशीबशी म्हणाली. "अगं, बुडाशी किती गार लागतं! विसरलेच होते मी!"

"विसरलेच होते म्हणजे? तू हे आधी केलंयस?"

ओलेटा उठून बसली. मग भोवती जमलेल्या पोरांना तिने सांगितलं. लहानपणी शनिवारी बाप तिला आणि भावंडांना बर्फाच्या कारखान्यात पाठवायचा, रविवारच्या गार चहासाठी लादी आणायला. त्या सपाट मुलखात उंचवटा असा एकच, नदीच्या पुराचा बांध. लादी गोणपाटात गुंडाळायची, बांधावर चढायचं आणि पाळीपाळीने घसरायचं. घरी पोचेपर्यंत लादी विटेएवढी व्हायची. "बाप दर शनिवारी उन्हाला शिव्या घालायचा," ती म्हणाली. "आणि आम्ही आठही जण माना हलवायचो, हो ना, काय हे ऊन!"

यानंतर कुणाला आवरणं शक्यच नव्हतं. पोरांनी लाद्या पळवल्या. मेसी पहिल्या तीन फेऱ्यांत लोळली आणि चौथ्यांदा सरळ आली. जोजोला ओलेटाने पुढ्यात घेतलं, दोघी एका लादीवर, आणि जोजो खाली येईपर्यंत एकच शब्द ओरडत राहिली, "परत! परत! परत!" मोठ्या गाड्यांतली मंडळी उशा, पायपुसणी, जे हाताला लागेल ते लाद्यांवर टाकून वर चढायला लागली. एक टक्कल पडलेले गृहस्थ आपल्या कुत्र्याला मांडीत घेऊन घसरले. कुत्रा मध्येच उतरला आणि त्यांच्या आधी खाली पोचला.

"मिस ओलेटा," क्लिंट म्हणाला, "शर्यत लावायची का?"

"हरलास तर रडायचं नाही."

"तुमच्या मुलीदेखत रडीन का मी?"

वर दोघे शेजारी शेजारी बसले. इशारा कोण देणार यावर वाद झाला. शेवटी डेल्फानेच हात वर केला. इतका वेळ ती कमरेवर हात ठेवून प्रत्येकाला "जपून! जपून!" असं बजावत होती. "मी बघितलेलं नाही," ती म्हणाली, "पण तीन म्हटल्यावर सुटा."

क्लिंटने जोरात रेटा दिला आणि आघाडी घेतली. पण त्याला वळता येईना. तो सरळ रेषेत, ओरडत, कुणी तरी खाली आणून ठेवलेल्या हौदाच्या दिशेने निघाला. ओलेटाने अलगद अंग झुकवलं, त्याला वळसा घातला, आणि जाता जाता हात हलवला. क्लिंट हौदात शिरला तेव्हा पाणी एवढं उडालं की काठावरच्या सगळ्यांची एकदम आंघोळ झाली. तो पाण्यात बसून राहिला. नाकाला लागलेली आग विझल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"मी इथून उठणार नाही," त्याने सांगून टाकलं. "जेवण इथेच द्या."

शेवटी डेल्फाही बसली. किल्ल्यांचा जुडगा तिने जनेलच्या हातात दिला, डोळे गच्च मिटले, आणि उतारभर एकही आवाज काढला नाही. खाली पोचल्यावर ती उठली, झगा झटकला, सगळ्यांकडे कडक नजरेने बघितलं आणि परत वर चढायला लागली.

सूर्य डोंगराआड चालला होता तेव्हा वीज आली. गाड्यांमधली थंड हवेची यंत्रं एकामागून एक गुरगुरायला लागली, पार्कातून गाण्यांचा आवाज आला. लोकांनी एकदा तिकडे बघितलं आणि पुन्हा उताराकडे वळले. शेवटची लादी ताटलीएवढी उरली होती आणि तिच्यासाठी अकरा पोरं भांडत होती.

ओलेटा गवतावर पाय पसरून बसली होती. झग्यावर हिरवे डाग, केसांत काड्या, गाल पोरीसारखे लाल. जनेल कलिंगडाची फोड घेऊन तिच्याशेजारी येऊन बसली. तिने आईच्या केसांतली एक काडी काढली.

"मॉम, मला यातलं काहीच माहीत नव्हतं."

"तू विचारलंस कुठे?"

"मग आता विचारते. आणखी काय काय केलंयस तू?"

ओलेटाने कलिंगडाची बी लांब थुंकली. ती कुठे पडते ते नीट बघितलं, जोजोला हाक मारून जवळ बसवलं, आणि दोघींकडे आळीपाळीने बघत म्हणाली, "मिस्टर टर्नबोच्या खेचरावर बसून मी एकदा चर्चमध्ये गेले होते. दारापर्यंत नाही. आत."

"आत?" जोजो ओरडली. "प्रार्थना चालू असताना?"

"तेव्हाच तर," ओलेटा म्हणाली, आणि पुढचं सांगायच्या आधीच तिचे खांदे हलायला लागले.