हिरव्या गावातला ताप

हिवतापाचा नकाशा आता उपग्रहावरून येणार म्हटल्यावर मी भर बैठकीत विचारलं होतं, "साहेब, तिथून डास दिसतो होय? आम्हाला तर रांजणात वाकून बॅटरी मारली तरी दिसत न्हाई." सगळे हसले. लातूरहून आलेला तो तरुण साहेबही हसला. म्हणाला, "डास नाही दिसत मॅडम. पण पाऊस किती झाला, पाणी कुठं साचलं, ऊन किती, हिरवळ कुठं दाटली, हे दिसतं. त्यावरून पुढच्या पंधरवड्यात ताप कुठं उठेल याचा अंदाज येतो." धोक्याचं गाव लाल, मधलं पिवळं, बिनधोक ते हिरवं.

मी उमरी तालुक्यातली नर्स. तापामागं गावोगाव पायपीट करून केस पांढरे झालेली बाई, मला हे पटणार थोडंच! पण त्याच पावसाळ्यात नदीकाठचं एक गाव मोबाइलवर लाल झालं. गावात तापाचा एक माणूस नव्हता. कुरकुरत गेले, आणि गावामागच्या डबक्यात बघते तर अळ्यांची नुसती वळवळ. आम्ही गप्पी मासे सोडले, फवारणी केली, आणि ते गाव त्या वर्षी सुखरूप राहिलं. तेव्हापासून मी नकाशाची भक्तच झाले. सकाळी चहाच्या आधी रंग बघायचे.

भादव्यात माळावरच्या एका गावी गेले. सगळा मुरूम, पाणी ठरेल कुठं? नकाशात ते कायम हिरवं. तिथल्या एका शेतकऱ्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना, येऊन आठवडा झालेला. मी गेले तेव्हा ती ओट्यावर बसून मूग निवडत होती.

"काल लई हुडहुडी भरली होती तिला, सिस्टर," तिची आई म्हणाली. "गोधडीवर गोधडी टाकली. आज बघा, काहीच न्हाई."

कुठलाही ताप असो, बोट टोचून रक्त बघायचंच, हा आमचा जुना नियम. मी मोबाइल काढला, हिरवा रंग बघितला आणि म्हणाले, "तुमच्या गावात कुठला आलाय हिवताप! प्रवासाची दगदग झाली असेल." वर पोरीची थट्टाही केली, "का सासूची आठवण येऊन थरथरलीस गं?" ती खळखळून हसली. मला पुढं दोन लाल गावं उरकायची होती. तापाच्या गोळ्या दिल्या आणि निघाले.

चौथ्या दिवशी गावातल्या आशाताईचा फोन आला. "सिस्टर, लवकर या. पोर तापात बडबड करून राहिली." धावतच गेले. रक्त तपासलं, हिवताप निघाला. गाडी येईपर्यंत मी तिच्या आईला विचारलं, "हिचं सासर कुठलं?"

"धर्माबादकडं हाय. नदीला लागूनच."

मी नकाशावर बोट सरकवलं. तिचं सासर लाल होतं, महिनाभर लालच होतं. कपाळ माझं! उपग्रहानं त्याचं काम चोख केलं होतं. पोर बसली होती ते गाव मी बघितलं, ती आली कुठून ते विचारलंच नाही. पहिल्या बाळंतपणाला लेकी माहेरी येतात हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? मीही तशीच माहेरी गेले होते. अजून आठवलं की मला माझीच चीड येते.

नांदेडच्या दवाखान्यात ती वाचली. बाळ गेलं.

पंधरा दिवसांनी त्या घरी गेले. ओट्यावर शेजारणी बसल्या होत्या आणि आई त्यांना सांगत होती, "ह्या सिस्टर देवावानी धावून आल्या म्हणून लेक हाती लागली." तिनं दिलेला चहा मी तसाच खाली ठेवला. शेजारणी उठून गेल्यावर मी सांगून टाकलं, "अक्का, पहिल्याच दिवशी मी रक्त बघायला पाहिजे होतं. तेव्हाच औषध सुरू झालं असतं तर बाळ कदाचित वाचलं असतं. चूक माझी आहे."

तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे भरले तिचे. मग उठली, लेक झोपली होती त्या खोलीचं दार लोटून आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "तिला सांगू नका, सिस्टर. पुढच्या खेपेला ताप आला तर कुणाकडं जाईल ती?"