देवळाचा उतार

चाकणच्या आमच्या कंपनीत शिफ्ट सुटली, की तो चाकाच्या खुर्चीतून गेटजवळच्या उतारावरून झपकन खाली यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. खुर्चीला त्यानं सायकलची घंटी बसवली होती. मालक परदेशी, त्यामुळे तिथल्या नियमानं इथेही उतार झाला. आमच्या लोकांना मात्र ती मोटारसायकल लावायची जागा वाटे. मग गाडी हलेपर्यंत तो शांतपणे घंटी वाजवत बसे.

एकदा चहा पिताना म्हणाला, "तिकडं परदेशात बी उतार कुणी फुकट न्हाई दिला. अपंग मानसं रस्त्यावर बसली, भांडली, तवा नियम झाला. आमच्या गावात पोरं मला खुर्चीसकट उचलून देवळात नेत्यात. मायेनंच नेत्यात. पन राव, मला घरी जायचं असलं, तरी त्यांचं भजन संपंस्तोवर बसावं लागतं! आता ग्रामसभेत उतार मागितलाय."

पुढच्या यात्रेला त्यानं आग्रहानं बोलावलं, म्हणून गेलो. देवळाला नवा उतार झाला होता, आणि त्याच्या तोंडाशीच कुणीतरी मोटारसायकल लावली होती. माझं डोकंच फिरलं. त्याचा हात घंटीकडे गेला, तेवढ्यात उताराचा कठडा धरून खाली येणारी एक म्हातारी कडाडली, "कुनाची रं ही गाडी? काढ आधी! आमची वाट हाय ती."

त्यानं घंटीवरचा हात काढून घेतला.