पलीकडून आलेली शिटी

कोळशाच्या धुराचा वास आला की मला रुळांपलीकडची ती गवताचा भारा घेतलेली बाई आठवते. कॉलेजात नाव घालायला मी वडिलांबरोबर रत्नागिरीहून प्रथमच घाटावर निघालो होतो. मोटारीचा ड्रायव्हर लांज्याचा. घाटात मुरलेला, पण कोल्हापूरच्या पुढे तोही पहिल्यांदाच येत होता; रूळ ओलांडायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. घाटातल्या वळणावर तो रबरी भोंगा दाबी, आणि पलीकडून भोंग्याचं उत्तर आलं की समोरची गाडी आपल्यासाठी थांबली असं समजून पुढे जाई. मिरजेच्या अलीकडे उसातून रूळ आडवे आले. फाटक नव्हतं. त्याने भोंगा दिला आणि उसाआडून शिटी आली. "थांब जरा," वडील म्हणाले. "घाबरता कशाला, अण्णा? त्याने उत्तर दिलान, म्हंजे तो थांबला," म्हणत त्याने गाडी पुढे काढली. तेवढ्यात पलीकडच्या बाईने डोक्यावरचा भारा टाकला आणि दोन्ही हात वर करून ती किंचाळली. त्याने ब्रेक दाबला. हातभर अंतरावरून इंजिन धडधडत गेलं, तोंडावर गरम वाफ आली. डबे सरल्यावर ती ओरडली, "आगगाडी काय तुझ्या घरचा बैल हाय, हाक मारली की थांबाया?" कोणी हसलं नाही. ड्रायव्हर उतरला, रुळांवर उभा राहून दोन्ही बाजूंना बघून आला, मगच गाडी हलली. आगगाडी एकाएकी थांबू शकत नाही, हे मी शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं. पण मोठ्यांमध्ये कसं बोलावं म्हणून गप्प बसलो होतो. वडील गावात अजून कौतुकाने सांगतात, मुलगा शिकला. तेव्हा माझी मान खाली जाते.