राजा मरेना म्हणून अडलेलं टेबल

गुडघ्यांनी जवाब दिला तेव्हा मी मुलाला म्हटलं, बाबा, मला बांगड्या नको, टेबल दे. खाली बसून लिहिणं आता होत न्हाई. टेबल आलं, खुर्ची आली, आणि दिवाळी होते न होते तोच टेबलावर स्वीडनचा राजा येऊन बसला.

आमचे हे परतूरच्या मोंढ्यात काट्यावर होते, जन्मभर लोकांचा कापूस तोलला. रिटायर झाल्यावर मोबाईलमध्ये पाहिलं की विलायतेतली म्हातारी माणसं टेबलावर जुन्या लढाया मांडतात, बारके शिपाई घेऊन, फासे टाकून. झालं! शेजारचे भाई उर्दू शाळेत इतिहास शिकवायचे, ते जोडीला मिळाले. दोघांनी लढाई निवडली ती चारशे वर्षांखालची, जर्मनीतली, ल्युट्झेनची.

मी विचारलं, "अहो, आपल्याकडं लढाया कमी झाल्या का?"

"भाभी, घरच्या लढाईत हरणाऱ्या बाजूनं कोण बसंल?" भाई म्हणाले. बात बराबर होती.

"रविवारी संध्याकाळपर्यंत उचलतो," हे म्हणाले. संक्रांत आली तरी लढाई चालूच. मी ओट्यापाशी उभ्यानं लिहून राह्यले.

फौज कुठून आली? माझ्या डब्यांतून. हे स्वीडनवाले, यांचे शिपाई फुटाणे; भाई जर्मनवाले, त्यांचे तूर. चिंचोके म्हणजे घोडे, सुपारी म्हणजे राजा. लवंगा म्हणजे तोफा, म्हणून तेवढे दिवस आमच्या भाताला वास न्हाई. मधला रस्ता माझ्या खणाचा. त्या दिवशी म्हणे दाट धुकं होतं, मंग यांनी कापूस पिंजून पसरला आणि चष्मा कपाळावर ठेवून म्हणाले, "काहीच दिसत न्हाई!"

भाईंचं सहाचं दान पडलं की यांचे फुटाणे मरायचे. मेलेले हे खाऊन टाकायचे. एक फुटाणा म्हणजे शंभर माणसं. दोन घास झाले की, "अगं, चहा टाक. फार कापाकापी झाली."

खरी अडचण राजाची. त्या लढाईत स्वीडनचा राजा धुक्यात वाट चुकतो आणि मारला जातो. तो मेल्यावर त्याची फौज चिडून लढते आणि जिंकते. भाईंनी हे पुस्तकात दाखवलं. म्हणाले, "आता राजा उचला."

यांनी चष्मा काढून पुसला. मंग हळूच म्हणाले, "उचलता यायचा न्हाई. ही सुपारी श्रावणातल्या सत्यनारायणाची आहे. गणपती म्हणून मांडली होती."

बसायला सपाट होती म्हणून यांनी देवघरातून राजा उचलून आणला होता! दोन महिने त्याला घोड्यावर नाचवला तेव्हा देव आठवला न्हाई. मरायची वेळ आली तशी भक्ती जागी झाली.

भाईंनी कानाला हात लावले. "तोबा! भाभी, मी तुमच्या देवाला मारणार न्हाई. बिलकुल न्हाई."

"मंग दुसरी सुपारी ठेवा," मी म्हटलं.

"ऐन लढाईत राजा बदलतात का? तुला काय कळतं!"

झालं, लढाई थांबली. भाई रोज यायचे, दोघं समोरासमोर बसायचे, धुक्याकडं बघायचे, चहा प्यायचे. एकाला राजा मारायचा न्हाई, दुसऱ्याला देव. माझं टेबल मात्र दोघांनी मिळून मारलं होतं.

एका दुपारी पाय इतके भरून आले की मी ओट्यावरून वही उचलली आणि थेट रणांगणावर गेले.

"त्या दिवशी पूजा संपल्यावर गुरुजींनी काय केलं?"

"काय केलं?" हे म्हणाले.

"अक्षता टाकल्या, सुपारी जरा हलवली. म्हणजे देवांना निरोप दिला. तुम्ही तेव्हा पानावर बसायची घाई करून राह्यलेते. देव त्याच दुपारी गेले. ही नुसती सुपारी."

"खरं?" भाईंनी यांच्याकडं पाह्यलं. हे छताकडं.

मी राजा उचलला, अडकित्त्यात धरला आणि कटकन दोन तुकडे केले. एक भाईंना, एक यांना. भाईंनी अदबीनं तोंडात टाकला. यांनी तळहातावर घेऊन बराच वेळ पाह्यला. दाढांना सुपारी झेपायची न्हाई म्हणून की दुःखानं, ते विचारलं न्हाई.

"मुबारक हो," भाई म्हणाले. "राजा गेला, तुम्ही जिंकलात."

यांचा चेहरा लगेच उजळला. जिंकल्यावर राजाची आठवण कुणाला येते! टाळी दिली आणि म्हणाले, "अगं, चहा टाक."

"आधी हे निवडा." मी सगळं रणांगण खणासकट सुपात ओतलं आणि सूप खाली दोघांच्या मधे ठेवलं. "तूर वेगळी, लवंगा वेगळ्या. कापसाचा एक धागा राह्यला तर वरण तुम्हीच खायचं."

स्वीडनवाले आणि जर्मनवाले मांडी घालून बसले, नाकावर चष्मे घेतले आणि तुरीतून धुकं वेचू लागले. मी खुर्ची ओढली.