रिपोर्ट चांगला आला

त्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता माझा डावा कान गेला. दुखलं न्हाई, खुपलं न्हाई; नुसतं सूं सुरू झालं आणि चूल, भिंत, सगळं गरगर फिरायला लागलं. ओकून ओकून आतडी पिळवटली. घरचे म्हणाले, पित्त झालंय. पित्त म्हणे! लिंबूपाण्यावर आठवडा घालवला, तेव्हा कुठं आमचे मालक मला उमापूरहून बीडला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले.

बाई म्हणाल्या, कानाची नस अचानक दगावलीय, गोळ्या आजच सुरू करा. आणि डोक्याचा एमआरआय काढा, नसेवर गाठबिठ न्हाई ना ते बघायला. "फोटोत काही निघो न निघो, गोळ्या सोडायच्या नाहीत. परत दाखवायला या." पण गाठ म्हणलं आणि मालकांच्या तोंडचं पाणीच पळालं. पुढचं त्यांना ऐकूच गेलं न्हाई, कान धड असून.

त्या नळकांड्यात मला आडवं सरकवलं. पत्रे ठोकल्यासारखा आवाज, आणि सगळा उजव्याच कानात. डोळे मिटून मी एकच मागत होते, गाठ नको.

न्हाई निघाली. रिपोर्ट नॉर्मल. मालक दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. नारायणगडाला नारळ फोडला, गल्लीत पेढे वाटले. "डोक्यात काईच न्हाई निघालं," असं सांगत फिरले, तर जाऊबाई म्हणल्या, "ते आमाला आधीच ठावं होतं." मीही हसले. गोळ्यांनी अंगाची आग व्हायची, झोप उडाली होती. मालक म्हणाले, "आता कशापायी खायच्या गं? काई न्हाई तुला." पेढे वाटल्यावर कुणी औषध खातं का? आमच्याकडं तर न्हाई. गोळ्या सुटल्या, परत दाखवायलाही कुणी गेलं न्हाई.

चक्कर गेली, कान काही आला न्हाई. हाकेला ओ दिली न्हाई की म्हणायचे, सोंग करती, रिपोर्ट तर चांगला हाय. लई संताप यायचा. पण काढू कुणावर? माझ्या जिवासाठी रडलेल्या माणसावर?

मग चकलांब्याला दिलेली आमची लेक बाळंतपणाला माहेरी आली. एका दुपारी बाळाला माझ्याजवळ टाकून ती न्हाणीत गेली. मी जरा कलंडले, उजव्या कुशीवर. चांगला कान उशीत दबला आणि डोळा लागला. हातभर अंतरावर बाळ रडून रडून काळंनिळं झालं, आणि आजी आपली निवांत. लेक ओल्या केसांनी धावत आली, तिनं त्याला उचललं, तेव्हा मला जाग आली.

ती त्याला घेऊन आतल्या खोलीत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी मीच म्हणलं, दे गं जरा माझ्याकडं. तिनं बाळाला माझ्या मांडीवर ठेवलं. पण खालचा हात काढला न्हाई.