हरिबाच्या हातातला दगड

आमच्या गणेश मंडळाचा जिवंत देखावा दरवर्षी हरिबा जगदाळे लिहितो. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होता, माणसं दाटीवाटीनं बसवायची त्याला सवय. एवढ्याशा स्टेजवर त्यानं एकदा कृष्णेचा महापूरसुद्धा बसवला होता. संवाद आम्ही आधीच उंब्रजला जाऊन रेकॉर्ड करतो, स्टेजवर नुसते ओठ हलवायचे. देखाव्यात मी नेहमी बापाचं काम करतो. ओठ माझे, आवाज हुसेनभाई टेलरचा.

यंदा आषाढात कुणाच्या तरी मोबाइलच्या स्टेटसवरून गाव पेटलं. हुसेनभाईंच्या दुकानावर दगड पडले. आत त्यांची बायको होती, तिच्या कपाळाला चार टाके पडले. पोलीस अजून पोरं शोधत होते आणि गावाची दातखीळ बसली होती. हरिबानं देखावा लिहिला तो नेमका त्याच संध्याकाळचा, त्यात हुसेनभाईंचं काम माझ्याकडे. अध्यक्ष राजवर्धन म्हणाला, यंदा आपलं महाभारत बरं. हरिबा ऐकेना. मी घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू?

दगड मारणाऱ्या पोराचं काम करायला एकही पोरगा तयार होईना. फोटो निघाला तर पोलीस तोच पुरावा धरतील, अशी प्रत्येकाला धास्ती. शेवटी बासष्टाव्या वर्षी हरिबाच टी-शर्ट चढवून उभा राहिला.

रेकॉर्डिंगला हुसेनभाई येणार नाहीत अशी माझी खात्री होती. ते आले. कागदावरचं वाक्य त्यांनी लिहिल्याप्रमाणं म्हटलं, "पोरा, दगड ठिव खाली. आत तुजी चाची हाय." मग जरा थांबून परत म्हणाले, "शिवतेज, दगड ठिव खाली. आत तुजी चाची हाय."

शिवतेज हा हरिबाचा मुलगा. हरिबा मटकन खाली बसला. पोराचं कृत्य आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, याच समजुतीवर बिचारा दोन महिने जगत होता.

"त्या दिशी मी ह्येच म्हणलो हुतो, गड्या," हुसेनभाई म्हणाले. "पोलिसांस्नी सांगितलं न्हाई. दोनी ठिव. कंचं लावायचं ते तू बघ."

येताना हरिबानं मला गळ्याची शपथ घातली.

मंडळाचं साउंड शिवतेजच सांभाळतो. हरिबानं पेनड्राइव्ह त्याच्या हातात दिला आणि बजावलं, पहिली फाइल लाव, दुसरी खराब झालीय.

पहिल्या दिवशी सात वाजता पडदा उघडला. फौजदार पुढच्याच खुर्चीत. हुसेनभाई चाचीला घेऊन आले, तेव्हा माणसांनी सरकून जागा दिली. स्टेजवर माझ्यासमोर हरिबा दगड उगारून उभा. दगड थर्माकोलचा. 'पोरा' म्हणायला मी तोंड उघडलं.

स्पीकरमधून आलं, "शिवतेज, दगड ठिव खाली."

माझे ओठ तसेच राहिले. हरिबानं मान वळवून मशीनकडे पाहिलं. मशीनमागून शिवतेज उठून उभा राहिला होता, चाचीकडे बघत, हात जोडून. मग फौजदारही खुर्चीतून उठले. हरिबाचा दगड वरच राहिला, तो खाली ठेवायचं त्याला सुचेना.